राखून ठेवलेलं विशेषण

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
नवी वही, नवा संकल्प. येत्या तेवीस तारखेला प्रमिला साठ वर्षांची होते. हर्षदा आईसाठी पुस्तक छापून घेणार आहे. ओळखीच्या अकरा माणसांनी एकेक पान लिहायचं, बारावं पान माझं. आमच्या लेकीला मराठी बोलता येतं, वाचायला बसली की अक्षरं जोडत राहते. त्यामुळे सगळी पानं तपासायला माझ्याकडे येणार. गौलीगुड्याच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं, दुसरं कोण तपासणार?
प्रमिलाला साडी नको आहे. म्हणाली, चार बऱ्या ओळी लिहून द्या, लग्नाला पस्तीस वर्षं झाली, एकही दिली नाहीत. हे साफ खोटं आहे. १९९४ साली निजामाबादच्या ट्रेनिंगहून मी पत्र पाठवलं होतं. तिने ते कपाटात जपून ठेवलंय. मजकूर असा: 'सुखरूप पोचलो. डब्यातली भाजी बरी होती.' चांगल्या ओळी आणखी कशा असतात?

४ नोव्हेंबर
शब्द ठरला. दिलखुलास. प्रमिला हसली की तिसऱ्या मजल्यावर कळतं, आणि वॉचमनच्या बायकोपासून कुरियरवाल्यापर्यंत कुणीही दारात आलं की खाऊनच जातं. तिला दुसरा शब्द नाहीच.
अडचण एक. हा शब्द मी आयुष्यात कधी लिहिलेला नाही. मुलांच्या वह्यांत माझे शेरे तीनच: 'ठीक', 'अक्षर सुधारा' आणि 'तपासले'. हाताला सवय हवी. म्हणून रोजच्या लिखाणात दिवसातून एकदा 'दिलखुलास' वापरायचा. वीस दिवसांत हात मोकळा होईल. योजना निर्दोष आहे.

५ नोव्हेंबर
सराव पहिला. दुधाच्या पिशवीला चिठ्ठी अडकवली: 'उद्या एक लिटर दिलखुलास दूध द्यावे.' दूधवाल्याला फक्त तेलुगू वाचता येतं. त्याने घाबरून बेल वाजवली आणि दूध नासलं होतं का, असं प्रमिलाला विचारलं. तिने त्याची समजूत काढली, चहा दिला, मग कुकटपल्लीतल्या भाड्यांवर त्या दोघांनी अर्धा तास गप्पा मारल्या. माझा चहा गार झाला.

६ नोव्हेंबर
वरच्या मजल्यावरच्या सावित्रीबाईंनी व्हॉट्सॲपवर पणतूचा फोटो टाकला. मी लिहिलं: 'दिलखुलास बाळ. नाक मात्र पुसावे.' उत्तर नाही. वय झालंय, चष्मा सापडला नसेल.

८ नोव्हेंबर
हिम्मतरावचे काका वारले. एक्क्याण्णव वर्षांचे होते. हिम्मतराव माझा चाळीस वर्षांचा दोस्त, तेव्हा कोरडा मेसेज बरा दिसला नसता. लिहिलं, 'दिलखुलास श्रद्धांजली.' पाच मिनिटांत फोन. "क्या नरहरराव, खुशी हुई क्या?" असं विचारत होता. मी त्याला समजावून सांगितलं, की विशेषण श्रद्धांजलीचं आहे, मरणाचं नाही. तो म्हणाला, वहिनींना फोन द्या. प्रमिला त्याच्याशी बोलली आणि तो रडला. माझ्याशी बोलताना रडला नव्हता.
संध्याकाळी प्रमिला विचारत होती, हल्ली तुम्हाला झालंय काय? मी गूढ हसलो.

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपारी
अकराही पानं आली. पहिलंच हिम्मतरावचं. पहिलंच वाक्य: 'आमच्या वहिनी म्हणजे एकदम दिलखुलास बाई.'
शब्द माझा! निवडला मी, सराव मी करतोय, आणि हा एकदा बसून लिहून मोकळा.
सावित्रीबाईंचं पान: 'प्रमिला दिलखुलास हसते, म्हणून मी जिने उतरून येते.' केदारचं: 'काकूंचा दिलखुलास स्वभाव.' केदार माझा विद्यार्थी. त्याचं अक्षर अजून सुधारलेलं नाही. अकरापैकी आठ पानांवर हाच शब्द. यांना काय कुणी वर्गात फळ्यावर लिहून दिला होता?

११ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. एका पुस्तकात एकच विशेषण नऊ वेळा येणं वाङ्मयीन दृष्ट्या गैर. प्रमिलावर तो अन्याय होईल. म्हणून बाकीच्यांकडून तो शब्द काढून घेतला आणि माझ्या पानासाठी राखून ठेवला. लाल पेन घेतलंच होतं, तर इतर पसाराही आवरला.
हिम्मतरावचं पान आता असं आहे: 'वहिनींकडे जेवण मिळते.' सावित्रीबाई: 'प्रमिला हसते.' केदारने लिहिलं होतं, की सरांनी वर्गाबाहेर काढलं त्या दिवशी काकू शाळेत डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनी आधी त्याला जेवायला घातलं आणि मग उरलेला डबा सरांना दिला. विषयांतर. आता: 'काकू शाळेत डबा आणत असत.' नेमकं आणि स्वच्छ.
अकरा पानं दोन तासांत झाली. पेनाला धार आहे अजून.

१४ नोव्हेंबर
माझ्या पानाला हात घातला. सुरुवात दमदार झाली. 'दिलखुलास' हा शब्द आपल्याकडे कसा आला, दखनी बोलीत कसा खुलतो, मुलं तो कशी चुकीच्या ठिकाणी वापरतात. तीन परिच्छेद झाले. प्रमिला चौथ्या परिच्छेदात येणार होती, पण पान संपलं.

१७ नोव्हेंबर
हर्षदा सांगत होती, अफझलगंजच्या प्रेसवाल्याला परवा सकाळी सगळं हवंय. म्हणाली, बाबा, लाइट तीस्को, दोनच ओळी लिहा ना. दोन ओळी! ही पिढी सगळं लाइट घेते. मी तिला सांगितलं, की दोन ओळीच लिहायला सगळ्यात अवघड असतात. ती म्हणाली, आईलाही दोनच हव्यात. मी तिला अक्षर सुधारायला सांगितलं.

१८ नोव्हेंबर. दुपारी ४
लिहिलं: 'प्रमिला दिलखुलास आहे.'
वाचून पाहिलं. विधान फार सरसकट वाटलं. खोडलं. 'प्रमिला बहुतांशी दिलखुलास आहे.' हेही खोडलं. 'प्रमिलाचा स्वभाव दिलखुलास म्हणता येईल असा आहे.' हे बरं होतं, पण तेवढ्यात ती चहा घेऊन आली. मी पानावर हात ठेवला. तिने विचारलं, माझ्यावर लिहिताय? मी म्हटलं, का?  ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग बशीत आणखी एक बिस्किट ठेवून गेली.
मला फार त्रास झाला. त्या बिस्किटाबद्दल लिहावंसं वाटत होतं, पण ते पुस्तकात शोभलं नसतं.
निर्णय: माझं पान कोरं छापायचं. त्या दिवशी सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने लिहीन. छापील मजकूर काय, कुणीही लिहितं. हर्षदा "ओके" म्हणाली, पण बऱ्याच वेळाने.

२२ नोव्हेंबर
सराव थांबवला. हात पूर्ण तयार आहे. उद्यासाठी निळं पेन आणलं होतं, ते लिफ्टच्या रजिस्टरवर सही करायला वॉचमनने नेलं. खिशातलं नेहमीचं चालेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी
काल सोसायटीच्या हॉलमध्ये सगळी मंडळी जमली होती. गोडातला खुबानीचा मीठा उत्तम होता.
हिम्मतरावने पुस्तक उघडलं आणि आपलं पान मोठ्याने वाचायला घेतलं. "वहिनींकडे जेवण मिळते." तो थांबला. पान उलटून पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ये मेस का बोर्ड है क्या, मियाँ? मैं ऐसा नै लिखा!" सावित्रीबाई आपलं पान डोळ्यांजवळ नेऊन विचारत होत्या, की माझ्या जिन्याचं काय झालं?  केदारने नुसतं पुस्तक मिटलं.
मी वाङ्मयीन दृष्टी समजावून सांगायला लागलो. कुणी ऐकलं नाही.
प्रमिला रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हर्षदाचं पेन मागून घेतलं, स्वतःची प्रत टेबलावर ठेवली आणि एकेकाला शेजारी बसवून म्हणाली, जे गेलंय ते समासात लिहा. सगळे लिहीत होते, ती वाचत होती, हसत होती. केदारला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याचं वाचून तिने पदराने डोळे पुसले. तिने त्याला जेवायला घातल्याचं मला शाळेत असताना ठाऊकच नव्हतं. डबा कमी का, म्हणून मी त्या दिवशी घरी येऊन कुरकुर केली होती.
शेवटी बारावं पान आलं. ते तिने माझ्यापुढे ठेवलं.  तिने माझ्याकडे पाहिलं. असं तिने माझ्याकडे बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.
शब्द माझ्याकडे होता. इतक्या दिवसांचा सराव होता. खिशातून पेन काढलं, कोरं पान समोर, आणि हाताने आपोआप लिहिलं. लाल शाईत, उजव्या कोपऱ्यात, तिरकं:
'तपासले.' खाली आद्याक्षरं. खाली तारीख.
केदारने आधी पाहिलं आणि मान वळवली. प्रमिलाने वाचलं. म्हणाली, चला, पस्तीस वर्षांनी तपासलं तरी. सगळा हॉल हसला, तीही हसली. तिसऱ्या मजल्यावर काही ऐकू गेलं नसेल.
आज सकाळी तिने पुस्तक कपाटात ठेवलं, निजामाबादच्या त्या पत्राशेजारी. मी स्वयंपाकघराच्या दारात दोनदा जाऊन उभा राहिलो. तिने विचारलं, काही हवंय का? मी म्हटलं, नाही.
पत्रातली ती भाजी अंबाडीची होती. फार छान झाली होती.