कुंकवाची पाच बोटं

सिडको, छत्रपती संभाजीनगर
रविवार

प्रिय नंदू,

तुझा मेसेज येऊन चार दिवस झाले. येत्या शुक्रवारी पाचोडच्या डॉक्टर सोमनाथांची चौकशी आहे, आणि तू लिहिलंस की विशाखा, तू तपासणी पथकात आहेस म्हणून मी निर्धास्त आहे, आईला ऑक्सिजन न देणाऱ्या माणसाला सोडू नकोस. मी चारदा उत्तर लिहिलं आणि पुसलं. फोनवर तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. हॉस्टेलमध्ये तू माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणायचीस. ते अजून तसंच आहे, सांभाळून घे.

तुझ्या आईला, माझ्या मावशींना, जाऊन आज अठरा दिवस झाले. दसऱ्याला तुला पुण्याहून येता आलं नव्हतं, पण मी गेले होते. मावशींनी पुरणपोळी वाढली आणि शेजारणीला सांगितलं, ही माझी डागदरीण लेक, समद्या डागदरांचे कान धरती. मी लाजले, पण खरं सांगू, सुखावलेही. मग त्यांनी हळूच सांगितलं की खंडेनवमीला सोमनाथांच्या दवाखान्यात जाऊन ऑक्सिजनच्या सिलिंडरवर कुंकवाचा हात उमटवून आल्या. घरातला विळा पुजला, शिलाई मशीन पुजली, मग तोच तेवढा कशाला मागं ठेवायचा. मला हसू आवरेना. तर म्हणाल्या, "हस तू. पण मला दम लागला की तेच श्वास देतंय. त्याला पुजू नको व्हय?"

आमच्या तपासणीची पद्धत मी तुला कधी सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी नव्हतीच. आदल्या दिवशी फोन करायचा, उद्या येतोय. मग फरशी लख्ख, मुदत संपलेली औषधं गायब, वापरलेल्या सुयांच्या डब्याला नवं कोरं झाकण. मी खुर्चीत ऐटीत बसून यादीतल्या एकेका वस्तूपुढे 'आहे' लिहायची. तालुक्यात माझं नाव कडक मॅडम. कसली कडक आणि कसलं काय.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी पाचोडला तपासणीला गेले. सिलिंडरवर मावशींची पाच बोटं लालभडक उमटली होती, विळ्यानं वाकडी झालेली करंगळी सुद्धा. मी लगेच फोटो काढून तुला पाठवला. तू लिहिलंस, आईपुढे तुमचं विज्ञान गार. किती हसलो होतो आपण त्या दिवशी.

बुधवारी सकाळी अकराला चितेगावला होते, सोमनाथांच्या एका मित्राच्या दवाखान्यात. कोपऱ्यात सिलिंडर होता. त्याच्यावर पाच बोटं होती, आणि करंगळी वाकडी. मला कळलं, नंदू. बघताक्षणी कळलं. पण चहा आला होता, अजून दोन दवाखाने उरकायचे होते, आणि हे लोक तपासणीपुरतं एकमेकांचं सामान नेतात हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक असतं. उलट मनात गंमत वाटली, मावशींचं कुंकू गावोगाव फिरतंय म्हणून. यादीत 'आहे' लिहिलं, नेहमीसारखा फोटो काढला आणि निघाले. मावशींना पाचोडच्या दवाखान्यात नेलं ते त्याच दिवशी दुपारी तीनला, आणि सिलिंडर तेव्हा चितेगावलाच होता. मधे चार तास होते. मी एक शब्द बोलले असते तर तेवढ्या वेळात सिलिंडर एखाद्या जीपनं सहज परत पोचला असता. ऑक्सिजन मिळाला असता तर त्या वाचल्याच असत्या, असं डॉक्टर म्हणून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तुझी मैत्रीण म्हणून मला अठरा दिवस झोप नाही.

तिसऱ्या दिवसानंतर मी डॉक्टर सोमनाथांना फोन करून वाट्टेल ते बोलले. तुमच्याकडचा एकुलता एक सिलिंडर बाहेर दिलाच कसा, असं विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या तपासणीसाठीच तर दिला होता." त्यांच्या आवाजात राग नव्हता. लेखी जबाबात त्यांनी चितेगावचं नाव घेतलेलं नाही आणि माझंही नाही. त्यांची चूक आहेच, ते सुटावेत असं मी म्हणत नाही. पण त्यांनी एकट्यानं अडकावं हे मला बघवणार नाही. शुक्रवारी मी सगळं लिहून देणार आहे. नोकरीचं व्हायचं ते होवो. तू तिथं समोरच्या खुर्चीत असशील, आणि हे तू पहिल्यांदा तिथं, चार लोकांत ऐकावंस असं मला वाटेना, म्हणून हे पत्र. चितेगावच्या अहवालातला फोटो सोबत ठेवते आहे. पाचोडचा तुझ्या फोनमध्ये असेलच. दोन्ही शेजारी ठेव आणि करंगळी बघ.

आजवर तुझीच असलेली,
विशाखा