रात्र कोणत्या तारखेची?

तीर्थस्वरूप मावशी यांस,

सकाळपाळीहून नुकत्याच परतलेल्या जावयाचा अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी, पण संपूर्ण नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे मी, तुमची भाची आणि तुमची नात ठकी खुशाल आहोत, आणि मुख्य म्हणजे आज कोण कुठे आहे हे तिघांनाही ठाऊक आहे. (हे वाक्य लिहिता येणं ही तुमचीच कृपा.)

जाताना तुम्ही बजावलं होतंत, अडचण आली तर बोलवा, नुसतं राहायला बोलवू नका. म्हणून आधीच सांगतो, अडचण काही नाही. पत्र फक्त आभाराचं आहे.

फोनमधल्या कॅलेंडरवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या पंपहाऊसचा पाळ्यांचा तक्ता दर आठवड्याला बदलतो, भाचीच्या हॉस्पिटलचा तर मनाला येईल तेव्हा. दोन्ही तक्ते फ्रिजवर चिकटवून आम्ही एकमेकांवर वैतागायचो. शेवटी तुम्ही फोनवरून कॅलेंडर शिकवलंत. (टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर पाळ्या केलेल्या बाईंपुढे कुरकुर तरी काय करणार?) पहिल्याच दिवशी मी 'दाढ काढणे' अशी नोंद केली आणि भलतंच बटण दाबलं गेल्यामुळे ती रोजची आणि कायमची झाली. रोज सकाळी फोन किणकिणायचा, दाढ काढा. पुढची वर्षं चाळून पाहिली, जिकडे तिकडे दाढ! माणसाला एवढ्या दाढा नसतात हो मावशी. तुम्ही हसू दाबत नोंद पुसायला शिकवलंत, तेव्हा कुठे माझा जबडा सुटला.

मग आला तो सोमवार. कॅलेंडरात सगळं कसं झकास दिसत होतं. सोमवारी तिची रातपाळी हिरवी, मंगळवारी माझी तपकिरी. आणि संध्याकाळी बघतो तर दोघंही चपला घालून, हातात डबे घेऊन दारात समोरासमोर! तू कुठे निघालीस, तू कुठे निघालास, असं बराच वेळ चाललं. मधोमध झोपायच्या कपड्यांत ठकी. तिनं शांतपणे विचारलं, "मग माझी कुठली पाळी?" हसू आलं मावशी, पण तिला घरात एकटं कसं ठेवायचं?

तिला शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंकडे सोडून आम्ही पळालो. चूक दुसऱ्या दिवशी तुम्ही पकडलीत. पंपहाऊसवाले रातपाळी संपते त्या तारखेला मांडतात, हॉस्पिटलवाले सुरू होते त्या तारखेला, आणि आम्ही दोघांनी आपापले तक्ते इमानेइतबारे जसेच्या तसे उतरवलेले. म्हणजे माझी 'मंगळवारची' रात्र खरी सुरू होत होती सोमवारीच. (मी तोवर फोनलाच शिव्या घालत होतो.) तुमचा निवाडा मी पाठ केलाय: ज्या संध्याकाळी डबा भरायचा, रात्र त्या तारखेची. एवढं सांगूनही तुम्हाला चैन पडेना. दुखरा गुडघा घेऊन, कुणी न बोलावता बसनं आलात, घराची घडी बसेपर्यंत राहिलात, आणि माझी दिवसाची झोपसुद्धा करड्या रंगात कॅलेंडरात घातलीत, म्हणजे घरात असलेला माणूस रिकामा असतोच असं नाही हे सगळ्यांना कळावं. माझ्या झोपेला एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता. आता आठवड्यातून दोनदा तरी आम्ही तिघं एकत्र जेवायला बसतो. त्या वेळी तुमची फार आठवण येते. तुमचे उपकार माझ्यानं लिहून होत नाहीत.

तर सगळं सुरळीत आहे, काळजी नसावी.

तुमचा,
(हल्ली वेळेवर झोपणारा) जावई

ता. क. झोपेची वेळ झाली की उशाशी फोन किणकिणतो, 'झोप', आणि मी दचकून जागा होतो. ही अडचण धरता येईल का? भाची म्हणते, अडचण कसली, आवाज बंद कर.

आणखी ता. क. आतली खोली आवरली आहे. माझी सायकल गॅलरीत गेली. आपल्याकडे जिना नाही, हे गुडघ्याला कळवावं.

शेवटचा ता. क. तुम्ही गेलात त्या दिवशी ठकीनं कॅलेंडरात स्वतःच्या हातानं एक नोंद केली आहे. 'मावशीआजी आपल्या घरी.' रंग पिवळा. रोज, कायमची. सकाळी फोन वाजला की ती दार उघडून बघते. नोंद कशी पुसायची ते तुम्ही मला चांगलं शिकवलंय. पण मावशी, ही माझ्यानं पुसवत नाही. ही मात्र अडचण धरा.