करंजळी खुर्दचा नकाशा

३ मार्च, सोमवार
पहिल्याच दिवशी सांगून ठेवते, रविराज साहेब, झाडायला बोलावलं आन् मशीनची राखण करायला बसवलं, हे बरोबर न्हाई. खुर्ची डगमगती, किटली गळती. पण डोक्यावर पंखा हाय, वडवणीच्या बाजारात उन्हात बसण्यापरीस लई ब्येस. काम सोपं. काळ्या पडद्यावर गावांच्या जुन्या नकाशांचे आपोआप नवे व्हत जातात. झालेलं गाव या वहीत मांडायचं. मधीच थांबून काय विचारलं की 'वाय' दाबायचं, म्हंजी व्हय. चौथी शिकलेय, तेवढं येतं. घरचंबी लिहीन, वाचायचं तर वाचा.

५ मार्च, बुधवार
एकशेबारा गावं झाली. त्यात करंजळी खुर्द, माझ्या सायलीचं सासर! लेकीचं गाव पडद्यावर बघून चहात साखर जास्तच पडली. सातवा महिना हाय, होळीला यायचीय. मागनं करंजळी बुद्रुक आलं आन् मशीन थांबलं. लांबलचक कायतरी विचारलं. कोण वाचत बसंल? वाय दाबलं.

६ मार्च, गुरुवार
सायलीचा फोन लागंना. स्टँडवर कंडक्टर गहिनीनाथ म्हणतो, मावशी, करंजळी एकच, बुद्रुक. खुर्द कुठून काढलं? शिव्या घातल्या त्याला.

७ मार्च
बुद्रुकला उतरून चालत गेलते. ओढ्यापलीकडं वेस न्हाई, हापसा न्हाई. नुसती तुरीची खुटं. सायलीला सासरी सोडून याच वाटंनं रडत परतलेली मी.
साहेबांना फोन केला. म्हणाले, स्क्रिप्ट, म्हंजी मशीनला लिहून दिलेलं काम, नावातला पहिलाच शब्द धरती. दोन्ही करंजळ्या एका नावाच्या झाल्या, दुसरी पहिलीवर चढली. पहिली पुसून दुसरी चढवू का म्हणून विचारलं असंल तुमाला. आन् मूळ फाईल? काम झालं की स्क्रिप्टच ती पुसती, म्हणाले.

८ मार्च
नवरा म्हणतो, कोण सायली? आपल्याला कुठं लेकरू हाय? लग्नाच्या फोटोत मांडव हाय, आमी दोघं हाय. मधी जागा —

९ मार्च
साहेब म्हणाले, खुर्द यादीत नव्हतंच. परवा तर तुमीच —
सायली. सायली. सायली. उजव्या भुवईवर खोक.

१० मार्च
फोनमधून नंबर गेला. खोक उजवीकडं का डावी —

११ मार्च
रविराज साहेब, गुरुवारी होळी. त्याच्या आत उत्तर पाहिजे, याच वहीत लिहा. मागं सायली, माझी लेक असं लिहिलंय, एका जागी तर तीनदा नाव. अक्षर माझंच हाय. वाचलं की छाती फुटती, कावून ते कळंना. गुरुवारपर्यंत सांगा, ही सायली माझी —