बाबा अजून आले नाहीत

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण हल्ली वाईट वाटलं की मी त्याच्याकडे नुसतं बघतो आणि ते निघून जातं. आमचे झेनचे गुरुजी सांगतात, ध्यानाच्या उशीवरून उठल्यावर खरं ध्यान सुरू होतं. म्हणून दवाखान्यातही दाताला यंत्र लावण्याआधी मी डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवतो. पेशंट तोवर आ करून बसलेले असतात. काल एक बाई उठून गेल्या. त्यांची तयारी नव्हती.

आई तेच तेच विचारते म्हणून तू वैतागतेस. प्रत्येक प्रश्न पहिल्यांदाच ऐकतेयस असं समजून ऐक. आणि बाबा कामावर गेलेत, येतील, असं तू तिला सांगतेस ते मला पटत नाही. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. जे आहे ते आहे.

भांडी घासताना फक्त भांडी घास. लोभ असू दे. मी त्यात अडकत नाही, इतकंच.

तुझा भाऊ

११ फेब्रुवारी

चि. महाराजांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र भांडी घासताना वाचलं, त्यामुळे दोन्ही धड झालं नाही. पण पटलं. इतकं पटलं, की आईला तुझ्याकडे पाठवतेय. पार्लरमध्ये दिवसभर उभं राहून गुडघ्याने हात टेकले, आता ऑपरेशन ठरलंय. तुझे भावोजी मला सांभाळतील, पण दोघींना सांभाळणं त्यांच्याच्याने होणार नाही. शनिवारी ते तिला आणून सोडतील.

संध्याकाळी तिला एकटं ठेवू नकोस, घाबरते. निळा स्वेटर धुवायचा तर तिच्या नकळत काढ. बाबांचं काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी पडले अज्ञानी बाई.

राग नसावा. लोभात मात्र थोडा अडकून राहा.

ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झाल्याचं भावोजींनी कळवलं, जीव भांड्यात पडला.

आई आली त्याच संध्याकाळी तिने बाबांचं विचारलं. मी तिचे हात हातात घेऊन शांतपणे खरं ते सांगितलं. आत्ताच कुणी निरोप आणल्यासारखी ती रडली. मला का नाही बोलावलंत, असं विचारत राहिली. सकाळी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. दुपारी पुन्हा. ताई, ती खरंच प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकत होती.

मी गुरुजींना फोन केला. एरवी ते जे बोलतात ते मला फार खोल वाटतं. या वेळी आई जेवली का, एवढंच त्यांनी विचारलं.

जेवली नव्हती. भरवायला बसलो तर डावीकडे घास जाऊ देईना. बॅटरी लावून पाहिलं, तर मागची दाढ पार किडलेली, हिरडी सुजलेली. तशीच दवाखान्यात नेली आणि दाढ काढली. तिने माझ्या शर्टाचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. श्वासाकडे लक्ष द्यायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर तिने विचारलं, "हे आले का?"

मी म्हटलं, "वाटेत आहेत. तोवर मी बसतो ना तुझ्याजवळ."

मग तिने वाटीभर मऊ भात खाल्ला. माझी ध्यानाची उशी सध्या तिच्या पाठीशी असते.

गुडघ्याला जप. आईला आणखी काही दिवस इथेच राहू दे. लोभ कर, खूप कर.

तुझा भाऊ

९ मार्च

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले. टाके दोन्ही वेळा दुखले. आई घास थुंकते म्हणून मी महिनाभर मीठ कमीजास्त करत बसले होते. तिला आणखी राहू दे म्हणतोस, तर राहू दे. गुरुजींचा वर्ग बुडतोय ते तुझं तू बघ.

काल तू दवाखान्यात असताना फोन केला होता. तुझ्याकडे येणाऱ्या मावशींनी आईला दिला. आवाज छान खणखणीत होता. म्हणाली, इथले डॉक्टर फार चांगले आहेत, पण बिचाऱ्यांचे वडील अजून घरी आले नाहीत, रोज संध्याकाळी वाट बघत बसतात. मी तिला म्हटलं, तू त्यांना धीर दे हो. ती म्हणाली, देते की, म्हणून तर जवळ बसते.

लोभ आहेच. तिचाही.

ताई