वर क्रमांक सत्त्याऐंशी

१४ जानेवारी, मंगळवार

सत्त्याऐंशी नंबर! सत्त्याऐंशी नंबरच्या मुलाच्या नावाखाली माझा मोबाईल नंबर छापला गेला. माझा!

परवा परिचय मेळावा झाला. सहाशे पुस्तिका वाटून झाल्या, लोक आपापल्या गावी गेले, आणि आज ऐन संक्रांतीला, तिळाचा पाक गॅसवर असताना, काटोलकडून फोन. "मी अंकुशची माय बोलून राहिली, मीराबाई. माह्या पोट्ट्याच्या नावाखाली हा कोणाचा नंबर टाकला वं बाई?" पुस्तिका उघडून पाहिली. वर क्रमांक ८७. अंकुश, वय ३६, बी.ए., सहा एकर संत्र्याची बाग, विहीर, बोअर, एकुलता एक. सगळं त्याचं. नंबर माझा.

मामाजी समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष, म्हणून लग्नाळू मुलामुलींची पुस्तिका टाइप करायचं काम फुकटात सुनेकडे. "देवकीला कॉम्प्युटर येते." येते ना! शाळेच्या ऑफिसात पंचवीस वर्षं तेच करून राहिले, घरी येऊनही तेच. आमच्या मुलीचा, रितिकाचा फॉर्म आधी बनवला, माझा नंबर टाकून. बाकीचे दोनशे त्याच्यावरच करत गेले — नाव बदल, गाव बदल, नंबर बदल. सत्त्याऐंशीला नंबर बदलायचा राहिला. एवढंच झालं.

पाक जळाला. भांडं अजून भिजत आहे.

१५ जानेवारी, बुधवार

जेवताना मामाजींनी विषय काढलाच. "खापरखेड्याला पॉवर स्टेशनमध्ये आम्ही असं केलं असतं तर अर्धा विदर्भ अंधारात गेला असता." ह्या माणसाला रिटायर होऊन वीस वर्षं झाली, पण भाजीत मीठ जास्त झालं तरी पॉवर स्टेशन मध्ये येते. ह्यांनी खाली मान घालून वरण भुरकलं. मागून मला म्हणतात, "जाऊ दे ना." लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, ह्यांचं 'जाऊ दे ना' काही जाईना.

मंडळाच्या ग्रुपवर दुरुस्ती टाकली. बत्तीस जणांनी हात जोडलेले पाठवले. मीराबाईंना फोन करून तसं सांगितलं तर म्हणाल्या, "ग्रुप कोण पाहते वं? लोक पुस्तक पाहतेत. आता ज्याचा फोन येईन तो तुलेच येईन. नीट लिहून ठेवजो."

आता मी दुसऱ्याच्या मुलाच्या लग्नाची टेलिफोन ऑपरेटर!

१८ जानेवारी, शनिवार

रोज सकाळी सात म्हणजे सात. इकडे कुकर, तिकडे मामाजींची बीपीची गोळी, आणि मीराबाई. "आला का वं फोन?"

नाही आला. कसं सांगू ह्या बाईला की एकही नाही आला? रितिकासाठी नऊ आले. फोन तोच, नंबर तोच. रितिका पुण्याहून चिडते, "आई, मला विचारून छापलं होतं का?" तिच्याशी वेगळंच भांडण आहे, ते नंतर.

फोन वाजला की आता मीच आधी देवाला म्हणते, सत्त्याऐंशीचा असू दे बाप्पा. मग समोरचा म्हणतो, "रितिकाचं घर का?" आणि माझं तोंड पडते. स्वतःच्या मुलीला स्थळ आलं की तोंड पडते माझं! काय दिवस आले.

२१ जानेवारी, मंगळवार

आला! शाळेत फी भरणाऱ्यांची रांग होती, मी रांग सोडून बाहेर पळाले. "वर क्रमांक सत्त्याऐंशीबद्दल बोलायचं होतं." म्हटलं, बोला, बोला ना! घराणं चांगलं आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, आई एकटीच आहे घरात, काही जाच नाही. सगळं एका दमात सांगितलं. मी त्यांना एकदाही पाहिलेलं नाही!

माणूस म्हणाला, "ते ठीक आहे. त्यांनी संत्र्याची कलमं कोणत्या नर्सरीतून घेतली, तेवढं विचारून सांगता का? आमच्याकडे मर जास्त आहे, झाडं वाळून जातात."

भैताड कुठला! पुस्तिका लग्नाची, आणि ह्याला कलमं पाहिजेत. चांगलं झापलं त्याला. त्यानं फोन ठेवला, मी आत आले, तर रांगेतले लोक माझ्याकडे पाहून राहिले होते.

२३ जानेवारी, गुरुवार

आज पण नाही. रितिकासाठी तीन.

२७ जानेवारी, सोमवार

मी काय करून बसले!

आज मीराबाईंनी विचारलंच नाही. सात वाजता फोन आला, मी नेहमीचं "नाही हो" म्हणायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "राहू दे वं बाई. उद्यापासून नाही करत मी फोन. तुले बी कामं असतीन. मले वाटे माह्या पोट्ट्यात काई खोट नाही. आता मलेच वाटून राहिलं, काई असन. मायले दिसत नसन."

आवाज एकदम बारीक. भांडत होत्या ते परवडलं होतं.

आणि माझ्या तोंडून गेलं — "अहो, आले होते दोन फोन! मी घाईत होते, नंबर लिहून घ्यायचे राहिले."

मग जी सुटली बाई! "दोन? दोन आले अन् तू लिहून नाही घेतले? तुह्या पोरीचे असते तं लिहून घेतले असते ना वं!" दहा मिनिटं. मी ऐकून घेतलं. शेवटी दम लागला त्यांना, पण आवाज मात्र पहिल्यासारखा खणखणीत. शिव्या खाऊन मला बरं वाटलं. असं कधी ऐकलं होतं का कोणी?

ह्यांना सांगितलं. "जाऊ दे ना," म्हणाले.

३० जानेवारी, गुरुवार

काटोलपासून नागपूरपर्यंत सगळ्यांना कळलं — देवकीनं अंकुशची दोन स्थळं घालवली. वाणसामान घेताना कोपऱ्यावर मंडळाचे चिटणीस रुपराव भेटले. "वहिनी, कसं काय झालं हो असं तुमच्याकडून?" जसा काही मी खून केला. तीस फॉर्म ह्यांनी शेवटच्या दिवशी आणून दिले होते, तेही वाचता न येणाऱ्या अक्षरात! तेव्हा 'वहिनी, चहा ठेवा' होतं.

मामाजी आता बोलतच नाहीत. ते एक बरं आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

रागारागात पुस्तिका घेऊन बसले आणि मुलींच्या फॉर्ममधल्या अपेक्षा वाचत गेले. टाइप मीच केल्या होत्या, पण टाइप करताना कोण वाचते! नोकरीवाला. नोकरीवाला. पुण्यात असल्यास प्राधान्य. नोकरीवाला, गावी शेती असल्यास उत्तम. शेती पाहिजे, पण करणारा नको. एकशे चार मुली, आणि 'शेतकरी चालेल' असं एकीच्याही फॉर्मवर नाही. एकही नाही!

फोन येणार कुठून? नंबर कोणाचाही असता तरी काय फरक पडला असता?

मग रितिकाचं पान आलं. 'अपेक्षा : नोकरीवाला, पुणे किंवा नागपूर. शेती असल्यास उत्तम.' हे तर तिनं सांगितलंही नव्हतं. मीच लिहिलं.

पुस्तिका फडताळात टाकली. दुपारभर कोणाशी धड बोलले नाही. हे विचारतात, डोकं दुखून राहिलं का? म्हटलं, हो.

३ फेब्रुवारी, सोमवार

शाळेतून आले तर दारात चपला. मीराबाई! सकाळच्या एसटीनं काटोलहून आल्या, पत्ता विचारत विचारत प्रताप नगरात, आणि सोबत दहा किलो संत्र्यांची पिशवी. ती एवढी जड, मला उचलून आत नेववेना. ही बाई पासष्ट वर्षांची!

वाटलं, भांडायला आल्या. नाही. चहा घेतला, पोहे खाल्ले, मग पदर नीट करून विचारलं, "ते दोन फोन कोण्या गावचे होते वं? काई तं आठवत असन."

इथे मी खरं सांगायचं होतं. इथेच! पण त्या अशा पुढे सरकून बसल्या होत्या, डोळे माझ्या तोंडावर. मी म्हटलं, एक वर्ध्याकडचे वाटले. "अन् पोरगी? शिकेल होती का?" डी.एड. म्हणाले वाटते. का बोलले मी डी.एड.? कोणी विचारलं होतं? तर ह्या बाईचा हिशेब लगेच सुरू. गावातल्या शाळेत लागून जाईन. घरातच बाथरूम बांधलं, फरशी लावली. "वायफाय घेतलं वं. पोरींले लागते म्हणतेत. मले अन् अंकुशले काय करायचं त्याचं? दर महिन्याले भरतो."

वायफाय! मी उठून उगाच पाणी आणायला गेले.

परत आले तर त्या भिंतीवरच्या रितिकाच्या फोटोपाशी उभ्या. "तुही होय?" हो. "कुठं असते?" पुण्याला. "गोड आहे पोरगी." आणि मी — कोणी काही विचारलेलं नसताना — पटकन म्हणाले, "तिचं ठरत आलं आहे."

मीराबाई माझ्याकडे वळल्या. "मी काई म्हटलं का वं?"

असं तोंड लपवावंसं वाटलं! कुठंच काही ठरत आलेलं नाही. संध्याकाळची एसटी पकडायची म्हणून त्या उठल्या. जाताना मामाजींच्या पाया पडल्या, आणि म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, त्या दोन लोकायले तुम्हीच शोधून द्या."

६ फेब्रुवारी, गुरुवार

मामाजींनी शोध सुरू केला. अध्यक्षांच्या सहीनं ग्रुपवर सूचना — वर क्रमांक ८७ साठी श्रीमती देवकी यांच्या मोबाईलवर संपर्क केलेल्या दोन कुटुंबांनी त्वरित पुढे यावे. वयाच्या ऐंशीव्या वर्षी ह्यांना मोबाईलवर एवढं लांब टाइप करता येते, मग पुस्तिका काहून नाही येत?

पुढे कोण येणार? कोणी असेल तर येईल ना! एकानं 'शुभेच्छा' लिहिलं. एकानं गुलाबाचं फूल टाकलं. मी दर अर्ध्या तासानं पाहून राहिले. काय पाहून राहिले कोणास ठाऊक. कोणीतरी खोटं तरी लिहावं.

माझी अब्रू जायची ती जावो. पण दोन दिवसांनी त्या बाईला कळणार की फोन आलेच नव्हते, एकही नाही, आणि ही शहरातली बाई मला लहान पोरासारखं समजावत होती. त्याचं काय करू?

८ फेब्रुवारी, शनिवार

कळलं. सात वाजता. "लोक म्हणतेत, कोणीच पुढं नाही आलं. खोटं बोलली का वं तू माह्याशी?"

मी म्हटलं, नाही हो मीराबाई, त्यांचं दुसरीकडे जमलं असेल, म्हणून लाजत असतील. "मग तुह्याचमुळे जमलं ना दुसरीकडं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मानलं त्यांनी. पुन्हा मानलं!

आता मात्र माझं डोकंच फिरलं. गावानं बोलायचं, मामाजींनी बोलायचं, रुपरावांनी बोलायचं — सगळा दोष माझ्या एकटीचा का? छापायच्या आधी प्रत्येकाला त्याचं पान तपासायला पाठवलं होतं मी! दोनशे जणांना, एकेकाला! त्या मुलानं काय तपासलं मग? बसले फोन घेऊन आणि डिसेंबरपर्यंत मागे गेले.

सापडलं. २० डिसेंबर. मी पाठवलेलं पान, आणि खाली त्याचं उत्तर. 'काकू, उंची ५ फूट ८ लिहिली, ती ५ फूट ५ करा. मायने जास्त सांगितली असन. बाकी बरोबर.'

बाकी बरोबर! तीन इंच दिसले, आणि त्याच्याच खालच्या ओळीतले दहा आकडे दिसले नाहीत? स्वतःचा नंबर ओळखता येत नाही? महिनाभर ह्याच्यापायी मी जोडे खाऊन राहिले, आणि हा गंमत पाहून राहिला! उद्या सकाळी त्यालाच धरते. सोडत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

फोनवर धरलं. बागेत होता, मोटार चालू होती, मी ओरडून ओरडून विचारलं. त्यानं मोटार बंद केली. म्हणाला, "पाहिला होता, काकू. तीन वर्षं नंबर बरोबरच होता. तीन वर्षांत एक फोन नाही आला. माय मोबाईल घेऊन ओट्यावर बसे. यंदा म्हटलं, चूक नंबराची राहू द्या. तुम्हाले लय बोलली ती, माफ करजा."

मग त्यानंच हळू विचारलं, "काकू, ते दोन फोन खरंच आले होते का?"

नाही रे बाबा, म्हणाले.

मग म्हणाला, "मायले नका सांगजा. अन् पुढच्या वर्षीही तुमचाच नंबर टाकजा."