भाचीला पाया पडू देणारा मामा

माय,

तू कधी कोणावर विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. दूधवाल्याच्या दुधात तू बोट बुडवून पाहायचीस. शिरपूरच्या बाजारात दुकानदारानं तराजू उचलला की तुझी नजर काट्यावर नसायची, त्याच्या करंगळीवर असायची. मी सीमेवरच्या फौजेत लागलो तेव्हा किन्हीराजाच्या घराघरात पेढे गेले, आणि तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "पण तुलेच घेतलं काहून त्याईनं? एवढे पोरं होते." मी चिडलो होतो. पण खरं सांगतो, तुझ्या त्या संशयावरच माझी नोकरी निभावली. नदीकाठच्या चौकीवर एखादा माणूस जास्त गोड बोलायला लागला की माझं लक्ष त्याच्या तोंडावरून त्याच्या गाठोड्याकडे जातं. मग ज्या दिवशी खरोखर बोलायला पाहिजे होतं, त्या दिवशी तू गप्प का बसलीस, एवढंच मला विचारायचं आहे.

धाकट्याच्या लग्नाचा दिवस. तो पस्तिशीला टेकलेला, आणि पोरगा शेती करतो म्हटलं की पोरीकडचे चहा पिऊन उठायचे. शेवटी कोणीतरी हे स्थळ आणलं. पोरगी चंद्रपूरकडची, आईबाप नाहीत, एकटा मामा. अंगणात मंडप पडलाय. पांढरी साडी नेसलेली ती पोरगी त्रिशरण म्हणताना नुसते ओठ हलवतेय. विधी आटोपतो, ती मामाच्या पाया पडायला वाकते, आणि मामा खुशाल पडू देतो, वर तिच्या डोक्यावर हात ठेवतो. आपल्याकडे भाची मानाची. पिकल्या केसांचा मामासुद्धा पाळण्यातल्या भाचीच्या पायाला हात लावतो, ती वाकायला लागली तर मागं सरतो. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तू मला ओढत स्वयंपाकघरात आणलंस. "हा कायचा मामा रे? भाचीले पाया पडू देऊन राह्यला!" मी म्हटलं, विचारू का त्याला? तू वरणात पळी फिरवत राहिलीस. मग म्हणालीस, "नोको. पोराचं घर वसून राह्यलं. जाय, पत्रावळी मांड." दुसऱ्या वर्षी तू गेलीस आणि मी ते विसरूनही गेलो.

यंदा पावसाळ्यात आमच्या चौकीवर नदी ओलांडून परत पलीकडे जाणारी एक बाई सापडली, कडेवर मूल. तिनं सांगितलं की तिला आणि तिच्यासारख्या कितीतरी पोरींना एकच माणूस पलीकडच्या देशातून चोरून इकडे आणतो, लांब लांब नेऊन लग्नं लावून देतो आणि प्रत्येक लग्नात मामा म्हणून उभा राहतो. ती त्याच्या पाया पडली तेव्हा वऱ्हाडी बायका का हसल्या, हे तिला अजून कळलं नव्हतं. तिचा जबाब घेणारा आमचा साहेब हिमाचलचा, वयानं माझ्यापेक्षा मोठा, जेवताना आपल्या ताटातलं लोणचं माझ्या ताटात सारणारा. त्यानं मला विचारलं, "तुम्हारे उधर मामा भांजी के पैर छूता है क्या?" मी हो म्हणालो आणि गंमत म्हणून धाकट्याच्या लग्नाची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. त्यानं तो जबाब पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

त्याच संध्याकाळी मी धाकट्याला फोन लावला. म्हटलं, तिच्या मामाचा ठावठिकाणा आहे का रे, आमचा पहाडी साहेब अशाच एका मामाच्या मागावर आहे. धाकटा म्हणाला, "नाही बॉ. लग्नानंतर कायचा येते तो!" त्यानंतर आठवडाही झाला नाही, साहेब तागाच्या शेतात सापडला. गळा चिरलेला. खुनाचा तपास पोलिसांकडे गेला, पण बातमी आतून कोणी फोडली याची खात्याची चौकशी नेमली, आणि ती करणाऱ्यांत मीही आहे. मी स्वयंपाक्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांकडे तुझ्या नजरेनं पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एक दिवस दाढी करताना तो फोन आठवला आणि वस्तरा हातातच राहिला.

सोयाबीनच्या काढणीचं निमित्त सांगून सुट्टीवर आलो. आल्यापासून मी माझ्या सख्ख्या भावावर पाळत ठेवून होतो, माय. तो जेवताना फोन पालथा ठेवायचा, मला वाटायचं, पाणी इथंच मुरतंय. नंतर पाहिलं तर काच फुटलेली, त्याच्या पोरीच्या हाताला लागू नये म्हणून तो तसा ठेवायचा. तुझ्या सुनेनं दिलेला चहाही मी आधी हुंगला. लाज वाटली, पण हुंगला.

आज सकाळी धाकटा मालेगावला गेला, पोरगी शाळेत. तुझी सून इथं तुझ्या जागेवर बसून तुरीची डाळ निवडत होती. मी भासरा, तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ, ती आजवर माझ्यासमोर पदर ओढूनच बोलली. मी उंबऱ्यातूनच विचारलं, "तुया मामा कुठी राह्यते?"

तिचा हात थांबला नाही. "तो मामा नाही, दादा. मायले मालूम होतं."

लग्नानंतर महिन्याभरातच तू दाराला कडी लावून तिला विचारलंस म्हणे. तिनं रडत सगळं सांगितलं, नदी, नाव, तो माणूस. आणि तू म्हणालीस, "आता तू चंद्रपूरची. कोणी इचारलं त हेच सांगजो." मग तू तिला आपली बोली शिकवलीस, भाकर थापता थापता. म्हणून ती थेट तुझ्यासारखी बोलते. मला इतकी वर्षं वाटायचं, किती लवकर रुळली.

"आमच्या साहेबाची गोष्ट त्याले कोणं सांगतली?" मी विचारलं.

"मी." आता तिनं सूप खाली ठेवलं. "नंबर त्यानंच देला होता. लय रडू आलं त करजो म्हणे. मायी लहान बहीण हाये तिकडं. तिलेही आणतो म्हणे दिवाळीनंतर. तुमचा फोन आला तवा याईचे हात चाऱ्यात होते, फोन स्पीकरवर होता. मी त्याले म्हटलं, बहिणीले आणू नोको, तुया मागं पहाडी साहेब लागला. मले वाटलं भिऊन पळून जाईन. बहीण वाचन." मग माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "काहून दादा? त्या साहेबाचं काही झालं का?"

मी सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली.

हिच्या जबाबाशिवाय तो मामा आणि तो खून जोडणारं काहीच नाही. आणि जबाब दिला की ती स्वतःच उघडी पडते. मग कोठडी, मग पलीकडे परत. पोरगी इथं, आई तिथं. धाकट्यानं यात काहीच केलेलं नाही, आणि संसार मोडणार त्याचाच. माझ्या फोनबद्दल मला पहिल्यांदा सांगावं लागेल, ते मी सांगेन. पण माय, तुझा मला फार राग आला आहे. तू तिला झाकलंस, चांगलं केलंस. त्या माणसाला का झाकलंस? तो आपल्या मंडपात जेवून गेला आणि पुढची पोरगी आणायला मोकळा झाला.

मी तिला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती नको म्हणाली तर मी तिचं नाव घेणार नाही, असंही म्हणालो. ती उठली, तोंड धुतलं. म्हणाली, "चला. तो बहिणीले घेऊन निंगालाही असन." उद्या पहिल्या गाडीनं वाशीमला पोलिसांकडे जबाब द्यायला जायचं ठरलं. धाकट्याला संध्याकाळी मीच सांगणार आहे.

हे लिहिलेलं फाडून चुलीत टाकलं असतं, तर चूलही राहिली नाही. खिशातच राहील. आत्ता ती दारात येऊन विचारून गेली, "मले परत आणान ना, दादा?" मी हो म्हणालो. मला काही माहीत नाही, माय. तू असतीस तर माझा आवाज ऐकूनच ओळखलं असतंस. तिनं मान हलवली आणि उद्या रात्रीच्या उसळीसाठी मटकी भिजत घालायला गेली.