चार वाजताचा घास

२५ नोव्हेंबर २०१८, रविवार

आले एकदाची डहाणूला! सामान लागलं, गॅस जोडला, आणि मुख्य म्हणजे टाकी एकही तडा न जाता पोचली. मिरजेपासून टेम्पोत दोन गाद्यांच्या मध्ये उभी करून आणली होती. तीन फुटी काचेची टाकी उतरताना बघून घरमालक जतीनभाई हसले. म्हणाले, मासे बघायला पाळताय होय, इथे तर लोक ते ताटातच बघतात.

घर चिकूच्या वाडीत आहे. पुढची खोली लख्ख उजेडाची. मागच्या खोलीला खिडकी आहे, पण झाडं इतकी दाट की भर दुपारी दिवा लावावा लागतो. मी मागची खोली टाकीला देऊन टाकली.

ज्युनिअर कॉलेज तलासरीला, सकाळचं. अडीचपर्यंत घरी येते. पंधरा दिवसांपासून या भागात जमिनीला हादरे बसतायत, म्हणून वर्ग बाहेर आंब्याखाली भरवतात. परवा मी पेशी शिकवत असताना फळा हलला. मुलं उठली, थांबली, परत बसली. मलाही सवय होईल.

२ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस विसरणार नाही.

टाकीसाठी खारं पाणी आणायला धाकटी डहाणूला गेले होते. खाडीवर दोन कॅन घेऊन उभी होते, तर एक होडीवाला आपणहून जवळ आला. भिकू नाव, चाळिशीचा असेल. पाणी कशाला, म्हणून विचारलं. पोवळी पाळायची आहेत म्हटल्यावर म्हणाला, थांबा. होडीतून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली हातभर फळी घेऊन आला. निळा रंग उडालेला, एका टोकाला ठोकलेला पत्रा, आणि वर घट्ट दाटीने बसलेली केशरी पोवळी. जिवंत!

बहुतेक पोवळ्यांना प्रकाश लागतो. त्यांच्या अंगातलं शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं. या जातीत ते शेवाळ नसतं. हिला ऊन नको, दिवा नको. इथल्या गढूळ समुद्रात खाली काळोखात राहते आणि तोंडाशी येईल ते खाते. घरी पाळायची तर एकेका तोंडाला हाताने भरवावं लागतं, म्हणून कोणी वाटेला जात नाही. कायद्यानेही ठेवता येत नाही, हे मी स्वतः मुलांना शिकवते. पण ही तर मेलीच असती, अशी मनाची समजूत घातली.

भिकूने त्याबद्दल काहीच घेतलं नाही. फक्त घर पाण्यापासून किती लांब, ते विचारलं. दोन किलोमीटर म्हटल्यावर बरं म्हणाला. जाळ्यात आली का, असं मी विचारलं, तर म्हणाला तीनदा आली. दोनदा वेगवेगळ्या जागी परत टाकली होती. मी हसले. तो हसला नाही.

९ डिसेंबर, रविवार

एक्केचाळीस तोंडं आहेत. मोजली.

चार वाजता थोडा जवळा, ही बारीक कोळंबी, वाटून त्याचं पाणी टाकीत सोडते. अर्ध्या तासाने वास लागतो, मग केशरी गोळे फुगतात आणि एकेकातून पिवळी बोटं बाहेर येतात, झेंडूसारखी. लांब ड्रॉपरने एकेक जवळा मधोमध ठेवायचा. बोटं मिटतात, घास आत जातो. पाऊण तास लागतो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, एवढ्या वेळात लग्न करून एक तोंड भरवलं असतंस. फार हसलो.

१६ डिसेंबर, रविवार

जवळा आणि बोंबील देणारी देवकी रोज चारच्या सुमारास फाटकातून हाक मारते. पंचेचाळिशीची, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. मला बाय म्हणते. घरी दहावीतली मुलगी आहे, नवशी. तिच्या गणिताबद्दल माझ्याशी बोलते. आज पाणी प्यायला आत आली आणि तिची नजर मागच्या खोलीत गेली.

टोपली तिथेच टेकवून ती टाकीपुढे बसली. मग काचेवरून त्या पत्र्याला बोट लावून म्हणाली, "हा मी धरला होता, बाय. ते ठोकत होते."

चार वर्षांपूर्वी तिचा नवरा हिरू आणि त्याचा धाकटा भाऊ होडी घेऊन गेले. होडी फुटली. धाकट्याला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या होडीने उचललं, हिरू सापडला नाही. प्रेत नाही म्हणून देवकीने कुंकू पुसलं नाही. तो धाकटा भाऊ म्हणजे भिकू.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फळी घेऊन जा म्हटलं. तर म्हणाली, "राहू दे. इथे दिसतात तरी."

जाताना तिने एक बोंबील टाकीजवळ ठेवला. त्यांना आवडायचा, म्हणाली.

२३ डिसेंबर, रविवार

आता देवकीच भरवते. चारला येते, साडेपाचला जाते. मी वह्या तपासते. खरं तर मला बरंच वाटत होतं.

आज लक्षात आलं की जवळ्याचं पाणी सोडायला मी विसरले होते, तरी सगळी तोंडं उघडी होती. देवकी फाटकातून हाक मारते, आणि मी पाहिलं, त्या हाकेवर उघडली. एकदम. एक्केचाळीस.

नाही, आज मोजली तर अठ्ठावन्न आहेत.

३० डिसेंबर, रविवार

मी शास्त्र शिकवते, तेव्हा नीट करून पाहिलं. तीन दिवस चारच्या आधी मी हाका मारल्या. काही नाही. शेजारच्या हाल्याकाकांना बोलायला लावलं. काही नाही. देवकीच्या पावलांच्या आवाजानेही नाही. तिच्या आवाजाने मात्र, ती फाटकाबाहेर असली तरी.

देवकीला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. उजव्या हाताची बोटं दाखवली, त्यांवर लाल चट्टे होते. ड्रॉपर सोडून हातानेच भरवते म्हणे. हात धरून ठेवतात, सोडत नाहीत, असं सांगताना लाजली.

६ जानेवारी २०१९, रविवार

पाणी बदललं. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात घेऊन ओढायचं, म्हणजे पाणी उतरतं. शंभर वेळा केलंय. आज ओढ जास्त झाली आणि मोठा घोट पोटात गेला. खारट, आणि मागून गोडसर.

चुळा भरल्या. चव गेली नाही.

१३ जानेवारी, रविवार

ऊन सोसत नाही. आंब्याखाली डोळे मिटून शिकवते. मुलं एकमेकांकडे बघतात. जेवण जात नाही, पण चार वाजता पोटात खड्डा पडतो.

डॉक्टरांनी घसा पाहिला. स्वच्छ आहे म्हणाले.

१६ जानेवारी, बुधवार

चारला देवकीची हाक आली. मी आरशापुढे वेणी घालत होते.

माझं तोंड उघडलं. मी उघडलं नाही. जबडा दुखेपर्यंत उघडलं आणि तसंच राहिलं, ती आत येईपर्यंत.

तिने पाहिलं. टोपलीतून चिमूटभर जवळा घेतला आणि माझ्या जिभेवर ठेवला. लहान मुलाला भरवतात तसा, हलकेच. मी गिळला. त्याची लाज वाटते, पण लिहिते, बरं वाटलं.

२० जानेवारी, रविवार

जमेल तसं लिहिते.

मीच भिकूला निरोप धाडला होता, फळी घेऊन जा म्हणून. चारला आला. देवकी मागच्या खोलीत होती. मला या, बसा, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून माझा नव्हे असा जाड आवाज आला,

"भिक्या, दोर नको कापू."

तो उंबऱ्यातच खाली बसला. डोकं धरून सगळं बोलला. एकच पिंप तरंगत होतं, ते त्याच्या कमरेला बांधलेलं. दोराचं दुसरं टोक हिरूच्या कमरेला. दोघांचं वजन पिंपाला झेपेना, दोघेही बुडायला लागले. त्याने कोयता चालवला. दादा नको नको म्हणत होता, म्हणाला. रडत होता. "मी बावीस हाका ऐकल्या, मॅडम. मोजल्या."

देवकी दारात उभी होती. थोड्या वेळाने म्हणाली, "भावजी, उठा. चहा घ्या." तिने खरंच चहा केला.

तो कप उचलत असताना माझं तोंड परत उघडलं. दोन्ही हातांनी दाबलं, तरी शब्द बाहेर पडलाच.

"ये."

२२ जानेवारी, मंगळवार

कॉलेजातून आले तर टाकीत नुसतं पाणी. भिकू भर दुपारी फळी खांद्यावर घेऊन गेला. हाल्याकाकांनी पाहिलं. खाडीवर सगळ्यांना सांगून गेला म्हणे, दादाने बोलावलंय. एकटाच होडी घेऊन गेला.

फळी गेली. मला वाटलं, आता सुटले.

चारला देवकी आली. हाक मारली.

तोंड उघडलं.

२४ जानेवारी, गुरुवार

भिकूची होडी चिंचणीच्या बाजूला सापडली. रिकामी. जाळं घडी घालून ठेवलेलं. फळी नव्हती.

देवकीला दुःख आहे की नाही, कळत नाही. माझ्यासमोर पाटावर बसते, भरवते, आणि विचारते, "मला कधी बोलावताय?"

मला नाही विचारत. त्यांना.

मी ओठ दाताखाली धरून ठेवले. रक्त आलं.

२७ जानेवारी, रविवार

निघाले होते. स्टेशनपर्यंत गेले, बॅग घेऊन. मिरजेला, आईकडे. तिकिटाच्या खिडकीशी पोचले आणि चार वाजले. दोन किलोमीटरवरून हाक ऐकू येणं शक्य नाही —

आली. भर गर्दीत मी आ वासून उभी. लोक बघत होते. एका बाईने पाणी दिलं. मग पाय आपोआप मागे वळले.

आईला फोन लावला. आवाज फुटेना. दुसऱ्याच कुणाचा तरी फुटेल म्हणून ठेवून दिला.

२९ जानेवारी

हात अजून माझा आहे. फक्त तोंड नाही.

चिठ्ठी लिहिली, नवशीसाठी. तुझ्या आईला माझ्याकडे येऊ देऊ नकोस. तिने मागितलेला शब्द मिळाला तर ती जाईल, भिकूकाका गेला तसा. देवकीला वाचता येत नाही. गणिताची उदाहरणं आहेत, नवशीला दे, अशी खूण केली. घेऊन गेली.

३० जानेवारी

जवळा कागदात बांधून आणला. माझीच चिठ्ठी. नवशीपर्यंत पोचलीच नव्हती.

३१

दार लावून घेतलं. कडी, शिवाय आडवं लोटलेलं कपाट. खिडकीतून भरवलं. मीच खिडकीशी गेले —

जीभ आता गोड लागते. सारखी.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सकाळपासून धक्के. भांडी पडली. टाकी फुटली, खोलीभर पाणी. वाडीतले सगळे बाहेर मोकळ्यावर. मला कोणी हाक मारली नाही, की मारली आणि ऐकू आली नाही. एकच ऐकू येते.

ओढणीने तोंड बांधलं. तीन गाठी. डोक्यामागे.

चार.

आली. धक्के बसतायत तरी आली. नवं लुगडं नेसून. टोपली नाही आज. समोर बसली, ओल्या फरशीवर. म्हणते, नवशीला मामाकडे पोचवलंय, बाय, आता मोकळी.

मान हलवतेय मी. नाही नाही. वहीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, जाऊ नकोस. तिच्यापुढे धरलं. तिने अक्षरांवरून हात फिरवला. म्हणाली किती छान काढता तुम्ही.

मागे गेली. गाठ सोडतेय. हळू, केस ओढू नयेत म्हणून —

एक सुटली. देवकी, जे ऐकू येईल ते मी नाही. ते हिरूही नसेल. नुसती भूक आहे ती, तिला काळोखात कोणीही —

दुसरी

तिसरीही सुटली मी दात आवळून आहे मी बोलणार नाही ती कानाशी येऊन विचारतेय येऊ का म्हणून आणि मी बोल